शेवटचं कडवं कुणी कापलं?

गाजलेल्या गाण्याबद्दल आपल्याकडचे प्रस्थापित समीक्षक दोनच गोष्टी बोलतात. गाणं गाजलं की म्हणतात, हलकं आहे म्हणून गाजलं. मागं पडलं की म्हणतात, लोकांची आवड बदलली. दोन्ही वेळेला दोष लोकांचा.

आवड एवढ्या सहज बदलत नाही, दोस्तहो. बदलतं ते यंत्र, आणि यंत्र चालवणाराचं गणित. प्रत्येक यंत्र गाणं आपल्या मापानं कापतं. समीक्षेनं ती कात्री बघायला पाहिजे.

१९३१ साली भीमराव कर्डकांनी नाशकाकडे आंबेडकरी जलसा उभा केला. जलशात सवाल, जवाब, बतावणी सगळ्याला जागा होती. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची. सवाल मावला तर जवाब बाहेर.

शाहिरीत शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायची रीत आहे. छापखाना ज्याला परवडत नाही त्या माणसाची ती सही. १९४३ पासून लिहिणारे आणि २००४ ला गेलेले वामनदादा कर्डक गाण्यात अशी सही करायचे. पण जुन्या खेळाचंही डोळे मिटून कौतुक नको. लावणीवर सही पठ्ठे बापूराव कुलकर्ण्यांची, थिएटर भरायची हिवरगावची पवळा. महाराची लेक ती. सही करायला तिच्या वाट्याला कडवंच नव्हतं.

पुढं सिनेमा आला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. सिनेमानं तमाशा खाल्ला असं सांगतात, ते अर्धंच खरं. आमच्या खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज गेली. त्या विजेवर गिरण्या चालल्या, आणि गिरण्यांच्या पगारावर लालबाग-परळचा तमाशा चालला. सिनेमा आल्यावरही चालला. १९८२ च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. नंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. लालबागचं हनुमान थिएटर त्यानंतर बंद पडलं. प्रेक्षकाची आवड होती तिथंच होती, खिसा फाटला होता. घरातल्या टीव्हीला रोज तिकीट लागत नाही, एवढं साधं गणित.

त्याच दशकात कॅसेट पसरली. हे यंत्र मात्र आपल्या वस्तीला परवडलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात गेला. तोच गळा विठ्ठलाच्या गाण्यात, तोच भीमगीतात. पण कव्हरवर गाणाऱ्याचा फोटो मोठा, आणि लिहिणाऱ्याचं नाव बऱ्याचदा मुंगीएवढं. तरी कॅसेटवर गाणं पुरं असायचं. कान देऊन ऐकलं तर शेवटी सही सापडायची.

आता चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर धृपदच फिरत राहतं. मोबाईलवर तर अर्धा मिनिट. गाणं लाखोंनी ऐकलं जातं, शेवटचं कडवं कुणापर्यंत पोचत नाही.

यात नुसतं कवीचं नाव जात नाही. भीमगीताची बांधणी बघा. धृपदात बहुतेक वेळा बाबासाहेबांचा गौरव असतो. पुढच्या कडव्यांत कवी आपल्याकडे वळतो आणि सुनावतो. दारू सोड म्हणतो, पोरं शिकव म्हणतो, गटातटानं का फुटलास म्हणून जाब विचारतो. कात्री नेमकी इथं चालते. गौरव उरतो, जाब जातो. जाब काढलेलं भीमगीत आणि आरती यांत फरक किती राहिला? देव्हारे मोडायला निघालेल्या गाण्याचा असा देव्हारा होतो, आणि आपण त्यालाच लोकप्रियता म्हणतो.

नाचणाऱ्या पोराला शिव्या घालून काही होणार नाही. तो वर्षभर ठेकेदाराकडे राबतो, त्याला एक दिवस नाचू द्या. जाब विचारायचा तो गाणं भरणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना. पुस्तक निघालं नाही म्हणून या कवींना आपणही कवींत धरलं नाही.

किती जणांनी ऐकलं हा आकडा कंपनीनं मोजावा. कितव्या कडव्यापर्यंत ऐकलं, ते समीक्षेनं विचारावं. आणि गाणाऱ्या मित्रांनो, डीजे खुशाल लावा. मिरवणूक निघायच्या आधी एकदा तरी माईक हातात घ्या आणि गाणं सहीसकट पुरं म्हणा.