व्याख्येचा कर्ता

अहिराणी ही भाषा की बोली, हा जळगाव-धुळे परिसरातील भाषाभ्यासकापुढचा मूलभूत प्रश्न होय. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांसमवेत केला. जनगणना खानदेशीची नोंद मराठीहून स्वतंत्र करते. मराठीचे अनेक अभ्यासक मात्र अहिराणीला मराठीची बोली मानतात. या प्रत्येक भूमिकेला कर्ता आणि काळ आहे. म्हणूनच तिचा प्रतिवाद संभवतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील व्याख्या प्रबंधात उद्धृत केली, की हे दोन्ही आधार निसटतात. परीक्षक पान उघडेल तेव्हा 'बोली'ची 'भाषा' झालेली असू शकते. विशिष्ट आवृत्तीचा स्थिर दुवा देता येतो, हे खरे; परंतु त्यायोगे संहिता स्थिरावते, उत्तरदायित्व नव्हे. शिवाय हा कोश स्वतःच मूळ संशोधन वर्ज्य मानून अन्य साधनांचा आधार मागतो. तेव्हा त्याचे पान ही साधनाकडे नेणारी वाट होय. तिलाच साधन मानणे हा पद्धतीचा दोष ठरतो. अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ मध्ये धुळ्यातच निधन झाले. त्या परिसरातील प्रबंधांत तरी व्याख्या निनावी असू नये.