काटा आणि बहाणा

आमच्या मरीन परेडच्या घरात सोफ्यामागची भिंत बरेच दिवस रिकामी होती. गणपतीला, दिवाळीला येणारा प्रत्येक पाहुणा त्या भिंतीसाठी काही ना काही सुचवून जायचा. शेवटी गेल्या वर्षी आम्ही एक हाताने रंगवलेली प्रतिकृती मागवली. राजा रविवर्म्याची शकुंतला, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी. कॅनव्हासवर तैलरंग, उंची तीन फूट. गुंडाळी पुठ्ठ्याच्या नळीतून आली आणि इथल्या फ्रेमवाल्याकडून आम्ही ती लाकडी चौकटीवर ताणून घेतली.

पहिल्या नजरेत मी खूश झालो. साडीच्या घड्या छान उतरल्या होत्या, झाडीचा हिरवा रंग ओला वाटत होता, आणि ब्रशचे उंचवटे बोटाला जाणवत होते (लेकीने लगेच बोट लावून पाहिलंच). संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिने चष्मा नीट केला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर खरंच काटा काढतेय!"

चित्राची समीक्षा खरं तर तिथेच संपली. पुढे मी लिहितोय ते त्या वाक्याचं स्पष्टीकरण.

कालिदासाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी शकुंतला सख्यांबरोबर निघते. पायाला दर्भ टोचला, वल्कल फांदीत अडकलं, अशी कारणं सांगत ती रेंगाळते, ती दुष्यंताला आणखी एकदा पाहता यावं म्हणून. रविवर्म्याने वल्कलांच्या जागी साडी नेसवली, पण तो क्षण अचूक पकडला. एक हात सखीच्या आधाराला, पाय उचललेला, आणि मान मात्र मागे वळलेली. पाय एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो दुष्यंत चित्रात नाहीच! तो चौकटीबाहेर आहे, आणि तो तिथे आहे हे आपल्याला फक्त तिच्या नजरेवरून कळतं.

आमच्या प्रतीत ही नजर किंचित खाली आली आहे. फरक असेल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पण तेवढ्याने प्रेमात पडलेली मुलगी जाऊन पाय दुखणारी मुलगी उरली. रंगवणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर बहुधा एखादा फोटो असेल आणि गोष्ट कोणी सांगितली नसेल. 'पायाकडे हात' म्हटल्यावर डोळेही पायाकडे जाणार, हे त्याचं गणित चूक नाही. आमच्या आयटीच्या धंद्यात हे रोजचंच. रिक्वायरमेंट नीट लिहून दिली नाही तर मागितलेलं मिळतं, हवं असलेलं मिळत नाही. मीही फक्त साइज आणि पत्ता लिहून दिला होता.

आता गंमत पाहा. आजोबांच्या साताऱ्याच्या घरात माजघराच्या दारावर हेच चित्र होतं, छापील, कडा पिवळ्या पडलेलं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दर रंगाला वेगळा दगड, एकावर एक ठसे. आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाआधी या छापखान्यासाठी काम करत. 'ओलिओग्राफ' म्हणून कलासमीक्षकांनी या छापील चित्रांना पुष्कळ नाकं मुरडली. पण त्या यंत्राच्या ठशात शकुंतलेची नजर जिथल्या तिथे होती, म्हणून तर आईला ती इतक्या वर्षांनी आठवली. 'हाताने रंगवलेलं' या शब्दांना आपण उगाच भुलतो, असं मला आता वाटतं. हाताला गोष्ट ठाऊक नसेल तर दगड बरा.

हात गोष्ट जाणणारा असला की काय होतं, तेही याच छापील चित्रांवर दिसतं. त्या काळी घरोघरच्या बायका लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला साडी-दागिने चढवत. ती कारागिरी कोणाला भडक वाटेल, पण डोळे झाकून केलेली नक्कल ती नक्कीच नव्हती.

बेडोकला एका मित्राकडे १८९९ सालच्या 'हंस-दमयंती'ची अशीच प्रत आहे. तिच्यातला हंस थोडा बदकाकडे झुकलाय, मित्राची बायको त्याला 'डकी'च म्हणते. तरीही चित्र बोलतं. कारण सांगणारा हंस आणि ऐकणारी दमयंती दोघंही चौकटीत आहेत. रंगवणाऱ्याला नल कोण हे माहीत नसलं तरी दिसतं ते रंगवून निभावतं. म्हणून प्रत मागवणाऱ्यांना माझा सल्ला असा की अर्धी गोष्ट चौकटीबाहेर असलेलं चित्र निवडलंत तर चेहऱ्याचा मोठा फोटो आधी मागा, आणि रंग वाळण्यापूर्वी मागा.

मूळ चित्र आपल्या भिंतीवर येण्याचा प्रश्नच नाही. १९७९ पासून रविवर्म्याची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा आहेत, ती भारताबाहेर नेता येत नाहीत. प्रती मात्र कोणीही कराव्यात, कारण रविवर्मा १९०६ मध्ये गेला आणि कॉपीराइट कधीच संपला. दीनानाथ दलालांचं तसं नाही. ते १९७१ मध्ये गेले, भारतीय कायद्याने त्यांच्या चित्रांचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत. 'दीपावली'चं एखादं मुखपृष्ठ रंगवून घ्यायचं मनात असेल तर आधी हक्कदारांना विचारायला हवं. एरवी मला स्वतःला भिंतीवर दलालच जास्त आवडले असते, पण घरात मतदान झालं आणि मी हरलो.

चित्र आम्ही परत केलं नाही. लेक बारा वर्षांची आहे, जन्म इथलाच. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाबा, हिच्या पायाला काय झालंय?" मी सांगितलं, काही नाही, ती नाटक करतेय. मग दुष्यंत, अंगठी, मासा, सगळी गोष्ट सांगावी लागली, दोन रात्री लागल्या. आता कोणी पाहुणे आले की तीच त्यांना दुष्यंत कुठे उभा आहे ते दाखवते. आमच्या हॉलच्या मापाने तो फ्रिजपाशी येतो. आमची शकुंतला मात्र अजून तिकडे पाहत नाही.