धूमकेतूला मालक नसतो

जयंत नारळीकर गेले ते २० मे २०२५ ला. त्या आठवड्यात आमच्याकडे, नीरेच्या खोऱ्यात, वळवाचा म्हणावा तर जास्त आणि मान्सूनचा म्हणावा तर फार लवकरचा पाऊस कोसळत होता. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला, झाकायला कागद मिळेनात. लोणंदच्या बाजारात पुढचे कित्येक दिवस सडक्या कांद्याचा वास होता. २६ तारखेला हवामान खात्याने मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीरही करून टाकलं. एरवी आमच्याकडे जून निम्मा सरला तरी आभाळाकडे बघत बसायची सवय.

आमचं पाच-सहा जणांचं वाचनमंडळ आहे. मंडळ म्हणजे महिन्यातून एकदा एका आडत्या मित्राच्या गाळ्यावर बाजार उठल्यानंतर जमणं, चहा, आणि एका पुस्तकावर भांडण. त्या महिन्यात साहजिकच नारळीकर वाचायचे ठरले. ‘धूमकेतू’ आणि ‘हिमप्रलय’ या दोन कथा मीच सुचवल्या. भिजलेला कांदा समोर असताना हवामानावरची कथा वाचू, एवढाच विचार होता. त्यातून जे झालं त्यामुळे मंडळ दोन महिने भरलं नाही, आणि मला या कथा नव्याने वाचाव्या लागल्या.

आधी माणसं सांगतो. मंडळातले सर्वांत वडील म्हणजे आमचे सर. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. हळदीला चुन्याचं पाणी लावून ‘रक्त’ काढणं, जिभेवर कापूर पेटवणं हे सगळं मी त्यांच्या हातून पाहिलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम साताऱ्याच्या मातीतलं, डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांना शंका घ्यायला या मंडळींनी शिकवलं. सर पक्के नास्तिक. पालखी लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा गावात घरटी वारकरी जेवत असतात. सरांच्याही घरी जेवतात, पण सर पादुकांना हात जोडत नाहीत.

दुसरे आमचे आडते मित्र. लहानपणापासून शाखेत जाणारे, घरात देव्हारा मोठा, मतदानाबद्दल त्यांना विचारावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवामानबदलावर वाद झाला तर कोण कुठल्या बाजूला असणार हे उघड आहे. मलाही तसंच वाटलं होतं. झालं उलटं. हवामान बदलतंय हे आडत्यांना मान्य. आपल्या पूर्वजांनी नदीला आई म्हटलं, पाश्चात्त्यांनी ती नासवली, एवढी पुस्ती जोडून मान्य. आणि सर म्हणाले, ‘‘तापमानवाढ ही विज्ञानाच्या नावाखाली चाललेली बुवाबाजी आहे. प्रलय येणार, पाप तुमचं, प्रायश्चित्त घ्या, दक्षिणा द्या. यात आणि बुवात फरक काय?’’

मला उत्तर पटकन सुचलं नाही. कारण हे वाक्य सरांनीच मला शिकवलेल्या व्याकरणात होतं.

अमेरिकेतला हा वाद आपल्याला बातम्यांतून ठाऊक आहे: तिथे धार्मिक उजवे एकीकडे, वैज्ञानिक दुसरीकडे, अशी सोयीची वाटणी. पण तिथल्याही संशयवाद्यांच्या घरात हे भांडण शिरलं होतं. चमत्कार सिद्ध करा आणि दहा लाख डॉलर न्या असं आव्हान देणारे जेम्स रँडी, म्हणजे आपल्या चळवळीला अब्राहम कोवूर यांच्याइतकेच जवळचे गृहस्थ. त्यांनी २००९ च्या डिसेंबरात मानवनिर्मित तापमानवाढीबद्दल जाहीर शंका घेतली. त्यांच्याच चाहत्यांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांत त्यांना खुलासा करावा लागला. पुढे २०१४ साली तिथल्या नामवंत संशयवाद्यांनी पत्रक काढलं, की हवामानविज्ञान नाकारणाऱ्यांना कृपा करून ‘संशयवादी’ म्हणू नका. आयुष्यभर भोंदू पकडणाऱ्या माणसाचा पाय इथेच का घसरावा, हा प्रश्न मला सरांमुळे पडला, आणि त्याचं थोडं उत्तर मला नारळीकरांच्या कथांत मिळालं.

‘धूमकेतू’ बहुतेकांनी वाचली असेल. हौशी खगोलनिरीक्षक दत्तदांना धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असं गणितातून निघतं. जगातले मोजके शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये गुपचूप जमतात, अण्वस्त्र पाठवून त्याची वाट बदलायची ठरवतात. इकडे इंद्राणीदेवी, दत्तदांच्या पत्नी, धूमकेतूचा अपशकुन टळावा म्हणून यज्ञ मांडतात. संकट टळतं. श्रेय यज्ञाला जातं, आणि दत्तदा हताश होतात.

शाळेत असताना मी या शेवटावर हसलो होतो. लेखकाची तशी अपेक्षाच आहे. या वेळी वाचताना मात्र मला इंद्राणीदेवींची बाजू घ्यावीशी वाटली. टक्कर होणार हेच मुळी त्यांना कोणी सांगितलेलं नाही. शास्त्रज्ञांनी लोक घाबरतील म्हणून सगळं लपवलं. मग लोकांनी हाताशी होतं ते स्पष्टीकरण घेतलं, तर अडाणी कोण? कथा या प्रश्नापाशी थांबत नाही. जनता यज्ञ करणार आणि बुद्धिमान माणसं बंद खोलीत जग वाचवणार, ही विभागणी कथेने गृहीत धरली आहे. बंद खोलीबद्दल लेखकाच्या मनात जराही शंका नाही, सगळी शंका यज्ञकुंडासाठी राखून ठेवलेली.

‘हिमप्रलय’ची रचना वेगळी नाही. मुंबईत बर्फ पडतं, वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने हे भाकीत आधीच केलेलं असतं आणि कोणी मनावर घेतलेलं नसतं. समुद्रांनी साठवलेली उष्णता, ज्वालामुखीची धूळ, सूर्यप्रकाश अडणं, अशी कारणांची साखळी आहे. तिचा आराखडा नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉएल यांच्या १९८१ सालच्या ‘आइस’ या पुस्तकातल्या मांडणीशी जुळतो. वातावरण ही जागतिक यंत्रणा आहे, ती बिघडू शकते, आणि आपल्या दारात बिघडू शकते, हे मराठी वाचकाला इतक्या आधी इतक्या रंजकपणे सांगणारं दुसरं लेखन मला माहीत नाही. मुंबईतलं बर्फ वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पण सरांनी नेमकी हीच कथा पुढे केली. ‘‘बघ, तेव्हाचे शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते. आता म्हणतात भाजून निघणार. उद्या तिसरं काही म्हणतील.’’ आणि पुढे, ‘‘नारळीकर स्वतः महास्फोटाच्या विरोधात होते ना? सगळे एका बाजूला असताना? मग मी का नसावं?’’

सरांचा आधार पोकळ नव्हता, हे मला नंतर शोधाशोध केल्यावर कळलं. १९९९ साली हॉएल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी हिमयुगाचाच धोका मोठा मानून हरितगृह परिणाम टिकवावा, असा पर्यावरणवाद्यांच्या नेमका उलटा सल्ला दिला होता. आणि १९९३ पासून हॉएल, बरबिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून विश्वाचं वेगळं प्रारूप मांडलं होतं, हेही खरं. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. नारळीकर शेवटपर्यंत आपली शंका सोडायला तयार नव्हते.

मग या शंकेत आणि सरांच्या शंकेत फरक काय? मला दिसला तो असा. नारळीकरांनी विरोध केला तो समीकरणं मांडून. विश्वातून सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी प्रारण महास्फोटाशिवाय कसं समजावायचं, याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. समोरच्या पक्षाकडे जे पुरावे होते ते सगळे आपल्या प्रारूपात बसवून दाखवायचे, हे ओझं विरोध करणाऱ्याचं. हवामान नाकारणाऱ्याला हे ओझं नको असतं. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे टिंडल यांनी १८५९ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवलं, अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये त्याचं जागतिक गणित केलं, हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून मोजणी चालू आहे आणि तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग असलेला हा वायू आता ४२० च्या वर आहे. यातलं काय चुकलं ते सांगा म्हटलं की ‘हिमालयाचं काय झालं?’ असा प्रतिप्रश्न येतो.

हिमालयाचंही सांगायला हवं, कारण सरांचा हुकमी एक्का तोच. २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील असं विधान होतं. ते चूक होतं. भारतीय भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या २००९ मधल्या पाहणीनेही हिमनद्यांबद्दलच्या अशा टोकाच्या दाव्यांना आक्षेप घेतला होता. तेव्हा त्याची हेटाळणी झाली, आणि २०१० च्या जानेवारीत चूक मान्य करावी लागली. हेटाळणी करणाऱ्यांनी वैज्ञानिक वृत्तीचं नुकसान केलं, यात मला संशय नाही. पण चूक शोधली ती हिमनद्या ओळखणाऱ्यांनीच. बुवाच्या मठात असं घडल्याचं सर मला दाखवू शकले नाहीत.

तरीही माझी अडचण संपत नाही, कारण ती सरांच्या हट्टात नसून आपल्या वाङ्मयात आहे. आपल्या विवेकवादी लेखनाचा उत्तम भाग हा समोर उभ्या असलेल्या दावेदाराबद्दल आहे. बाबा म्हणतो विभूती काढतो, काढून दाखव. यात दावा करणारा एक, पाहणारे शंभर, आणि निकाल दहा मिनिटांत. हा नाट्यप्रकार फार परिणामकारक आहे. त्यासाठी माणसांनी आयुष्य दिलं, दाभोलकरांनी तर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या झेलून जीव दिला. म्हणून त्यात खोट काढताना माझा हात जड होतो. पण हवामान ‘करून दाखव’ म्हटल्याने करून दाखवता येत नाही. लोणंदचा कांदा या मे महिन्यात भिजला तो तापमानवाढीमुळेच, असं मी सांगू शकत नाही. आणि मागच्या वर्षी भिजला नाही म्हणून तापमानवाढ नाही, असं सरांना म्हणता येत नाही. इथे लागते सरासरी, नोंदींची लांब मालिका, शक्यतेची भाषा.

गंमत म्हणजे ही भाषा नारळीकरांनी आपल्याला शिकवली आहे, कथेत नाही तर फलज्योतिषाच्या चाचणीत. २००८ मध्ये त्यांनी दाभोलकर आणि इतरांबरोबर ही चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. त्यातल्या प्रत्येकी चाळीस सत्तावीस ज्योतिषांना दिल्या, कुठली कुणाची ओळखा म्हणून. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. एखाद्याचं एखादं भविष्य खरं ठरणारच, प्रश्न हजारभर उत्तरांच्या बेरजेचा असतो, ही गोष्ट या चाचणीत आहे. तिच्यावर कुणी कथा लिहिली नाही. कशी लिहिणार? तिच्यात नायक नाही. सत्तावीस पाकिटं आणि एक बेरीज.

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते. नारळीकरांच्या संकटांना मालक नसतो. धूमकेतू कुणी पाठवलेला नाही, ज्वालामुखी कुणाच्या नफ्यासाठी फुटत नाही. म्हणून तिथे राजकारणाची गरज पडत नाही, उपाय सुचला की काम झालं. धुराचं तसं नाही. धुराला मालक आहे, भागधारक आहेत, त्यावर चालणारे कारखाने आणि ट्रॅक्टर आहेत, आमच्या आडत्यांचे दोन ट्रक आहेत. हे लक्षात घेतलं की आडत्यांच्या होकाराचाही नूर कळतो. आपल्याकडच्या उजव्या राजकारणाने अमेरिकेसारखा नकार फारसा दिलेला नाही. २०१४ च्या शिक्षकदिनी पंतप्रधानांनी विद्यार्थ्यांना, थंडी वाढत नाही, वयामुळे सोसवत नाही अशा धर्तीचं उत्तर दिलं होतं खरं. पण पुढे पॅरिसचा करार झाला, सौर आघाडी झाली, संघाच्या गतिविधींत पर्यावरण आलं. इथे नकाराऐवजी अभिमान आहे. दोष पश्चिमेचा आणि उपाय आपल्या परंपरेत, म्हणजे आज कुणाला काही बदलायला नको. आणि तीच परंपरा गणपती नदीत सोडते तेव्हा? समितीने ‘विसर्जित गणपती दान करा’ म्हटलं, त्याला हिंदुत्ववादी संघटनांनी कडाडून विरोध केला. हे मी आडत्यांना म्हणालो. ते म्हणाले, ‘‘फक्त आमचेच सण दिसतात का?’’ त्यांच्या प्रश्नात थोडं तथ्य आहे हे मी मान्य केलं, तर सर उठून गेले.

त्यानंतर दोन महिने मंडळ भरलं नाही. मधे पालखी आली, नीरास्नान झालं, लोणंदचा मुक्काम झाला, सरांकडे वारकरी जेवले. मी वाढायला गेलो होतो. सर काही बोलले नाहीत, पण निघताना म्हणाले, शाळेत पर्जन्यमापक होता, रोज सकाळी साडेआठला आकडा मीच लिहायचो, वह्या घरात आहेत. बघायच्यात का?

गेल्या रविवारी आम्ही तिघे बसलो, आडतेही आले, हिशेबाला त्यांच्याइतका हात कुणाचा चालत नाही. सरांचं अक्षर सुंदर आहे. सलग चोवीस वर्षांच्या नोंदी, निम्म्याहून जास्त दिवस शून्य, कारण आमचा पट्टा दुष्काळीच. बेरजा अजून चालू आहेत. आतापर्यंत तरी त्यातून सरांच्या बाजूचं निघत नाही आणि माझ्याही. मधल्या तीन वर्षांच्या वह्या सापडत नाहीत, त्या माळ्यावर असाव्यात असं सरांच्या सूनबाई म्हणतात. आडत्यांनी शिडी पाठवतो म्हणून सांगितलंय.