संपर्ककार्य आणि मराठीतील ‘येतो’ : एक पुनर्विचार

भाषा हे विचारविनिमयाचे साधन आहे, ही व्याख्या महाविद्यालयीन अध्यापनात इतकी रूढ झाली आहे की, कोणतीही माहिती न देणारे बोलणे तिच्यात कोठे बसवावे, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी तो १९२३ मध्ये उपस्थित केला. क्षेमकुशल, हवापाण्याच्या गप्पा यांतील शब्द अर्थ पोचविण्यासाठी नसून माणसे जोडण्यासाठी असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगताना हीच कल्पना संपर्ककार्य म्हणून स्वीकारली.

मराठीच्या दैनंदिन व्यवहाराकडे पाहता मॅलिनोव्स्कींचे प्रतिपादन अपुरे ठरते. निरोप घेणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. शब्दार्थ खरोखरच गौण असता, तर ‘जातो’नेही तेच काम झाले असते. परंतु मुलाच्या तोंडून ‘जातो’ निघताच घरातील वडीलधारी माणसे ‘येतो म्हणावं’ असे बजावतात. त्यांना खटकतो तो अर्थ. संपर्कात काहीच उणे पडलेले नसते. ‘आजोबा गेले’ या वाक्यात ‘जाणे’ मरणाचे वाचक होते, हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अर्थ येथे निष्प्रभ नाही. उलट तो टाळावा लागावा इतका प्रभावी मानलेला आहे. नारळ ‘वाढवणे’, बांगडी ‘वाढवणे’ या प्रयोगांमागेही फुटण्याच्या उच्चाराविषयीची हीच धास्ती आहे.

याकोबसन यांच्यावर मात्र सरसकट ठपका ठेवता येणार नाही. एकाच उक्तीत अनेक कार्ये नांदतात, त्यांपैकी एक प्रधान असते, असे त्यांनी स्पष्ट केले होते. मंत्रसदृश उक्तींचा विचारही त्यांनी प्रेरक कार्याच्या अंगाने केला होता. कप्पे पाडले ते परीक्षाभिमुख टिपणांनी. त्यांत संपर्ककार्यापुढे दूरध्वनीवरील ‘हॅलो’ लिहिले की विषय संपतो. हे उदाहरण चुकीचे नाही, पण फारच सोयीचे आहे. ‘जेवलात का?’ हा प्रश्न रस्त्यात केवळ अभिवादन असतो, तर उंबरठ्यावर, दुपारच्या वेळी, तो आमंत्रण होऊ शकतो. तेथे नुसते ‘संपर्क’ म्हणून भागत नाही.

‘येतो’च्या बाबतीत निर्णायक पुरावा त्याच्या अनुच्चारातच सापडतो. अंत्यदर्शनासाठी गेलेला माणूस त्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाही. संपर्काची गरज त्या वेळी सर्वाधिक असते. तरीही तो हात जोडतो आणि काही न बोलता बाहेर पडतो.