‘मुद्रितशोधन’ : एका रूपकाची मर्यादा

डीएनएच्या दुरुस्तीविषयीचे शास्त्रीय लेखन ग्रंथव्यवहारातून उसन्या घेतलेल्या शब्दांवर बव्हंशी चालते. प्रत, संकेत, मुद्रितशोधन हे त्यांतील ठळक होत. या रूपकांनी विषय सुबोध झाला, हे नि:संशय. परंतु त्यांनी एक गैरसमजही रूढ केला आहे.

मुद्रितशोधक अर्थ जाणून चूक ओळखतो. पेशीपाशी असा अर्थबोध नाही. नक्कल होताना ‘जी’समोर ‘सी’ऐवजी ‘टी’ बसला, तर दोहोंपैकी चुकीचा कोणता, हे त्या जोडीवरून ठरत नाही. ई. कोलाय जीवाणूत जुन्या धाग्यावरील ‘जीएटीसी’ या क्रमातील ‘ए’वर मिथिल गट असतो, नव्या धाग्यावर तो काही काळ नसतो. म्युटएच हे विकर ही खूण नसलेला धागा छेदते. मग चुकीचा भाग काढून तो जुन्या धाग्याबरहुकूम भरला जातो. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी पॉल मॉड्रिच यांच्या संशोधनातून ही यंत्रणा उलगडली.

म्हणजे निकष शुद्धतेचा नसून जुनेपणाचा आहे. हे कार्य मुद्रितशोधकाचे नव्हे. मूळ पोथीशी नक्कल ताडून पाहणाऱ्या लेखनिकाचे होय. मूळ पोथीतच दोष रुजला असेल, तर तोही निष्ठेने उतरतो.

‘दुरुस्ती’ हा शब्दही तितकाच सैल आहे. दोन्ही धागे तुटल्यावर टोके थेट सांधणाऱ्या प्रक्रियेत काही अक्षरे गळू शकतात; तिलाही दुरुस्तीच म्हणतात. तेथे सातत्य राखले जाते, मूळ पाठ नेहमीच नाही. मराठी परिभाषा घडविताना हा भेद शब्दांतच दिसावयास हवा.