‘प्रवेशिका’ हातपिशवी : एका संज्ञेची चिकित्सा

‘एंट्री-लेव्हल डिझायनर हँडबॅग’ ही संज्ञा आता महानगरांपुरती राहिलेली नाही. पॅरिस वा मिलान येथील एकाही घराण्याचे दुकान बीडमध्ये नाही. तथापि त्या घराण्यांच्या अक्षरचिन्हांच्या नकला जिल्ह्याच्या ठिकाणच्या बाजारातही टांगलेल्या आढळतात. वस्तूच्या आधी तिचे नाव पोहोचले, आणि नावाबरोबर तिची उतरंडही पोहोचली. या संज्ञेने नेमके काय अभिप्रेत आहे याविषयी मात्र ती वापरणाऱ्यांतच एकवाक्यता नाही. कोणी ती किमतीवरून ठरवितो, कोणी चामड्यावरून, तर कोणी घराण्याच्या लौकिकावरून.

किमतीचा निकष प्रथमदर्शनी सर्वांत सोपा वाटतो. परंतु त्यात अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही दोष आहेत. अमुक रकमेच्या आतील पिशवी ती प्रवेशिका, असे म्हटल्यास १९७८ साली पुदुच्चेरी येथे सुरू झालेल्या हायडिझाइनची उत्तम चामडी पिशवी तीत सामावते. पण तिला कोणी त्या अर्थाने प्रवेशिका म्हणत नाही. उलट लुई व्हिताँची लहानशी पिशवी तिच्या कितीतरी पट महाग असूनही प्रवेशिकाच म्हणविली जाते. ‘स्वस्त’ हा या संज्ञेचा अर्थ नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

चामड्याचा निकष तर पुरता उलटतो. लुई व्हिताँचे प्रसिद्ध अक्षरचिन्ह १८९६ मधील. ते मिरविणारी ‘स्पीडी’ ही पिशवी मुख्यत्वे लेप दिलेल्या कापडाची आहे, चामडे तिच्या मुठीपुरते व काठांपुरते. प्राडाने १९८४ साली नायलॉनची पाठपिशवी काढली आणि तिलाच प्रतिष्ठा मिळवून दिली. लाँगशां या फ्रेंच घराण्याची १९९३ मधील घडीची पिशवीही नायलॉनचीच. पदार्थाच्या कसावर मूल्य ठरत असते, तर बीडच्या एखाद्या जुन्या कारागिराने या पिशव्या हातात घेऊन परत ठेविल्या असत्या.

उरला लौकिक. येथे ‘घराणे’ हा मराठी शब्द विचारास उपयोगी पडतो. संगीताच्या घराण्यात प्रवेश होतो तो शिष्याचा, आणि तोही वर्षानुवर्षांच्या तालमीने. श्रोता कितीही रसिक असला तरी तो घराण्याचा होत नाही. पिशव्यांच्या घराण्यात मात्र प्रवेश ग्राहकाला विकत मिळतो, निदान तसे आश्वासन दिले जाते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत ‘प्रवेशिका’ या नावाची पायरी आहे. तिला अर्थ येतो तो पुढे मध्यमा, विशारद, अलंकार आहेत म्हणून. हातपिशवीचेही तसेच आहे. जिच्या वर त्याच नावाची, ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची दुसरी पिशवी उभी आहे, ती प्रवेशिका. हा वस्तूचा गुण नसून दोन वस्तूंमधील संबंध आहे. फरक इतकाच की संगीताच्या परीक्षेत प्रवेशिका उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुढे जाऊ शकतो. १९८४ पासूनची एर्मेसची ‘बर्किन’ मात्र पैसे घेऊन आलेल्या प्रत्येकाला दुकानात मिळतेच असे नाही.

व्हेब्लेनने १८९९ साली प्रदर्शनी उपभोगाची मीमांसा केली. ती शिखरावरील पिशवीला चपखल लागू पडते. पायथ्याच्या पिशवीला तितकी नाही. प्रवेशिका घेणारा केवळ आपली संपत्ती दाखवीत नाही, तर उतरंडीतील सर्वांत खालची जागा तो आनंदाने आणि दाम मोजून पत्करतो. या व्यवहाराचे मर्म त्या संतोषात आहे, आणि टीकाकारांचे लक्ष तेथे फारसे गेलेले नाही.

याच्या शेजारी बीडचीच एक पिशवी ठेवून पाहावी. निजामी अमदानीत हे शहर दोन वस्तूंसाठी ओळखले जाई : गुप्ती आणि छागल. छागल म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची चामडी पिशवी. ‘छाग’ म्हणजे बोकड, हे तिच्या नावातच आहे. तिची परीक्षा पाणी करी : ते गळते काय, गार राहते काय, वास धरते काय. लहान छागल ही मोठ्या छागलीची प्रवेशिका नव्हती. ती एका माणसाची होती, इतकेच. बटवा, चंची, कसा, पडशी, पोतडी या नावांकडे पाहिले तरी हेच दिसते. मराठीने पिशवीला नाव दिले ते आत काय राहते आणि ती कोठे अडकविली जाते यावरून.

परंतु एवढ्यावरून जुन्या व्यवस्थेला निर्मळ ठरविणे ही भाबडी चूक होईल. तेथे उतरंड वस्तूंची नव्हती, कारण ती माणसांची होती. ढोर व चांभार समाजांनी कमावलेल्या व शिवलेल्या चामड्याच्या मोटेचे पाणी चालत असे. मोट शिवणाऱ्याला मात्र त्याच विहिरीवर मज्जाव होता. ‘प्रवेश’ या शब्दाला महाराष्ट्रात जो इतिहास आहे तो नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील १९३० च्या सत्याग्रहाचा आणि १९४७ साली पंढरपुरात साने गुरुजींनी केलेल्या उपोषणाचा. तो प्रवेश विकत मिळणारा नव्हता. छागलीवर गावाचे नाव आले, करणाऱ्याचे आले नाही.

मुंबईत सुधीर राजभर यांनी उभारलेल्या ‘चमार स्टुडिओ’चे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. गोवंशहत्याबंदीचा राज्यातील कायदा २०१५ साली अधिक कठोर झाला व चर्मकारांचा कच्चा माल आटला. या स्टुडिओने पुनर्वापराच्या रबरापासून पिशव्या करविल्या आणि जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई तोच त्यांचे नाव केला. येथे नाव आहे, पण घराण्याचे नव्हे, करणाऱ्यांचे. असे असूनही ही पिशवी महानगरी कलादालनांच्या वर्तुळात अधिक वावरते हा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

प्राडाने जून २०२५ मध्ये मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या. मूळ नावाचा उल्लेख प्रथम नव्हता, टीकेनंतर तो आला. कोल्हापुरीला २०१९ पासून महाराष्ट्र व कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन, येथील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करवून ते प्रत्येकी सुमारे ८०० युरोंस विकण्याचे जाहीर झाले. ही किंमत कोल्हापूरच्या बाजारात अकल्पनीय आहे. प्राडाच्या बहुतेक चामडी पिशव्यांपुढे मात्र ती कमीच भरते. म्हणजे वर मांडलेल्या व्याख्येनुसार त्या दुकानात कोल्हापुरी चप्पल ही एक प्रवेशिका ठरते.