न कापता मोजलेली पोकळी

शास्त्रीय नियतकालिकातल्या लेखाचं रसग्रहण म्हटलं की लोक जरा चमकून बघतात. पण ‘ऑप्टिक्स एक्स्प्रेस’मध्ये 2019 साली आलेला मायकेल फ्रॉस, रिकार्डो पेनेटा, फिलिप रसेल आणि सहकाऱ्यांचा छोटा लेख मी पुन्हा पुन्हा वाचतो, तो माहितीसाठी नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या माक्स प्लांक संस्थेतलं हे काम. त्याची बांधणी चांगल्या कथेची आहे. आधी मोह, मग अडचण, आणि मग त्या अडचणीच्याच पोटातून निघालेली वाट.

मोह आहे पोकळ गाभ्याच्या ऑप्टिकल फायबरचा. आमच्या बंगळुरूतल्या बनशंकरीत झाडांवरून आणि खांबांवरून काळ्या केबलींची जी जाळी लोंबत असतात, त्यांतला फायबर घन काचेचा. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरवर येतो, हवेत तो जवळजवळ तीन लाख राहतो. किलोमीटरमागे 5 मायक्रोसेकंद लागायचे तिथे 3.3 लागतात. शिवाय काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यातल्या सूक्ष्म विषमतेमुळे थोडा प्रकाश विखुरतोच. मग गाभ्यातून काचच काढून टाकली तर?

पण हवेत प्रकाश कोंडायचा कसा? त्यासाठी मधली जागा मोकळी सोडून भोवती सहा-सात अतिपातळ काचनळ्यांचं कडं करतात. इथे सगळा खेळ भिंतीच्या जाडीचा आहे. भिंत 500 नॅनोमीटर जाड असेल तर तिचा पहिला अनुनाद 1050 नॅनोमीटर तरंगलांबीजवळ पडतो. तिथला प्रकाश भिंतीतून निसटतो, पण दूरसंचारासाठी वापरतात तो 1550 नॅनोमीटरचा प्रकाश भिंतीवरून परततो आणि गाभ्यात राहतो. हीच जाडी 750च्या आसपास गेली की अनुनाद नेमका 1550वर येऊन बसतो आणि गाभा गळायला लागतो. म्हणजे चूक व्हायला मिलिमीटरचा चार हजारावा भाग पुरतो.

आणि हे घडवायचं कुठे, तर भट्टीत. नळ्या रचून केलेला जाड प्रीफॉर्म सुमारे 2000 अंश सेल्सिअसला मऊ होतो आणि टॉवरवरून खाली खेचला जातो. असे टॉवर आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही आहेत. तिथे ओढला जातो तो नेहमीचा घन काचेचा फायबर, आणि त्याच्या बाहेरच्या व्यासावर नजर ठेवली की बरंचसं काम भागतं. पोकळ फायबरचं तसं नाही. पृष्ठताण प्रत्येक नळी मिटवायला बघतो, आत सोडलेल्या वायूचा दाब ती फुगवतो. दाब कमी पडला तर नळी आक्रसते. जास्त झाला तर शेजारणीला चिकटते, आणि चिकटल्या जागी प्रकाशाला पळवाट मिळते. बाहेरून मात्र फायबर तितकाच गुळगुळीत दिसतो.

आतलं बघायचं तर कापावं लागतं. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन उत्तर येईपर्यंत टॉवरवरून कितीतरी फायबर उतरून गेलेला असतो. मधल्या पट्ट्याचं काय झालं हे कळायचं तर तो पट्टाच खर्ची घालायचा. टोकाकडे निमुळत्या केलेल्या फायबरला तर जागोजागी छेद द्यावे लागतात, म्हणजे मोजमाप संपेपर्यंत मोजायची वस्तू उरत नाही. लेखकांनी ही कोंडी दोन वाक्यांत, आवाज न चढवता मांडली आहे. मला लेखातली सर्वांत देखणी जागा ही वाटते.

पुढची युक्ती अशी. फायबरवर बाजूने अनेक तरंगलांबींचा प्रकाश टाकायचा. त्यातला काही नळीच्या भिंतीत शिरतो आणि भिंतीभोवतीच गोल गोल फिरतो. ज्या तरंगलांबीच्या लाटा परिघात पूर्ण संख्येने बसतात, त्या स्वतःलाच बळ देतात. बाहेर विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात त्यांच्या खुणा उमटतात, आणि त्या खुणांवरून व्यास काढता येतो. माझं ढोबळ गणित सांगतो. नळीचा व्यास 20 मायक्रॉन धरा. तो एक टक्क्याने, म्हणजे 0.2 मायक्रॉनने वाढला, तर 750 नॅनोमीटरजवळची खूण साधारण सात-साडेसात नॅनोमीटर सरकते. सूक्ष्मदर्शकाला जो फरक जेमतेम दिसावा, तो साध्या वर्णपटमापकाला ठळक दिसतो. त्यातही एकेक नळी वेगळी मोजता येते, आणि तेही फायबर ओढला जात असताना.

या लाटांचं कुळ मराठी वाचकाला परकं नाही. बदामीची बनशंकरी देवी ज्यांची कुलदेवी, ती घरं सोलापूरवरून बदामीला निघाली की वाटेत विजापूर लागतं, आणि गोल घुमटाच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटल्याशिवाय पोरं खाली उतरत नाहीत. समोरच्या बाजूला, 38 मीटरच्या आसपास अंतरावर, ते ऐकू जातं, कारण आवाज भिंतीला धरून सरकतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अशाच सज्जाचं गणित लॉर्ड रॅले यांनी मांडलं. काचेतल्या विखुरण्यालाही त्यांचंच नाव आहे. म्हणजे ज्या दोषामुळे गाभा पोकळ करावा लागला तो आणि पोकळी मोजण्याचा उपाय, दोन्ही एकाच माणसाच्या वहीतले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली सेंट पॉलमध्ये प्रयोग केले आणि पुढे गोल घुमटाचाही अभ्यास केला. भिंतीपासून आत सरकत गेलं तर आवाज सरळ उतरत नाही, चढतो-उतरतो, हे त्यांनी टिपलं. 1933मध्ये ते बंगळुरूला आले ते कायमचेच. इथे बसून हा लेख वाचताना रामन आठवतातच, मात्र लेखकांना त्यांचं नाव घ्यायचं काही कारण नव्हतं.

लेखक आपल्या पद्धतीला साधी म्हणतात. मांडणी साधी आहे, हे मान्य. वाचन तितकं साधं नाही. भिंतीत फिरणाऱ्या लाटेचा वेग भिंतीच्या जाडीवरही ठरतो, त्यामुळे खूण सरकली ती व्यासामुळे की जाडीमुळे, हा प्रश्न प्रत्येक वेळी सोडवावा लागतो. दोन नळ्यांमधली फट तर थेट दिसतच नाही. नळ्यांचे व्यास कळल्यावर ती हिशेबाने काढायची. आणि नळीच्या पोटात आणखी नळी असेल, तर दोघींच्या खुणा एकाच वर्णपटात येणार. साउथॅम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2025मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये किलोमीटरला 0.091 डेसिबल इतक्या कमी क्षयाचा पोकळ फायबर जाहीर केला. घन काचेला 0.14च्या खाली उतरणं वर्षानुवर्षं जड गेलं होतं. साउथॅम्प्टनचा तो पोकळ फायबर असाच, नळीत नळी घातलेला आहे.